४६ अंश सोसलेल्या नागपूरकराला दुबईचे ३८ अंश का झेपत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६४ वर्षांच्या, बाबा ७० चे आणि त्यांना रक्तदाबाची गोळी चालू. सगळा जन्म नागपुरात गेलेला. ऑगस्टमध्ये तीन आठवडे दुबईला बहिणीकडे आणि डिसेंबरअखेर कॅनडातल्या विनिपेगला भावाकडे जायचं ठरतंय. घरात सगळ्यांचं मत असं की दुबईची काही काळजी नाही, "आपण नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) काढणारी माणसं, तिथले ३८-४० काय करणार?" आणि खरी भीती विनिपेगच्या उणे २५ ची. तर तयारी काय करायची?

वातानुकूलनाच्या धंद्यातल्या माणसाच्या नजरेने पाहिलं तर तुमची काळजी उलटी लागली आहे. नागपूरकराच्या सवयी विनिपेगमध्ये बऱ्यापैकी उपयोगी पडतात. दुबईत त्यातल्या निम्म्या नडतात. कारण तुम्ही पारा बघताय, आणि शरीर पाऱ्याइतकाच, कधी त्याहून जास्त, हवेतला ओलावा बघतं.

आधी मान्य करतो की काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. दुबईत वारा वाळवंटाकडून आला तर हवा आपल्या मे महिन्यासारखी, ४४-४५ अंश आणि कोरडी. समुद्राकडून आला तर पारा ३८ वर उतरतो आणि ओलावा ६० टक्क्यांवर जातो. बहिणीचं घर किनाऱ्याला आहे की आत, यानेही फरक पडतो. गोळी कोणती आहे हेही महत्त्वाचं. लघवी वाढवणारी असेल तर उन्हाळ्यात मात्रा बदलावी लागते का, हे डॉक्टरांना निघण्याआधी विचारा, तिथे गेल्यावर नाही.

आता मूळ हिशेब. आपली त्वचा साधारण ३५ अंशांवर असते. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की हवा शरीराला तापवायला लागते, आणि उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो तो म्हणजे घाम सुकणं. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर तो अंदाजे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अट एकच, तो अंगावर सुकला पाहिजे. अंगावरून ओघळून पडला तर पाणी आणि मीठ गेलं, थंडावा शून्य.

घाम किती सहज सुकेल हे मोजायला आमच्याकडे जुनी युक्ती आहे. दोन साधे थर्मामीटर घ्यायचे. एकाच्या फुग्याला मलमलचं फडकं गुंडाळून फडक्याचं टोक पाण्याच्या वाटीत सोडायचं आणि दोघांवर पंखा लावायचा. पाच-सात मिनिटांत ओल्या फडक्याचा पारा खाली येऊन थांबतो. हे वेट बल्ब तापमान. नागपुरात मेच्या दुपारी ४५ अंश आणि १५ टक्के ओलावा असताना ओलं फडकं २४ च्या आसपास थांबतं. दुबईत ३८ अंश आणि ६० टक्के ओलावा असताना ते ३१ वर अडकतं. म्हणजे पारा सात अंशांनी कमी असूनही घामाला थंडावा देण्याची संधी तिथे फारच कमी. वेट बल्ब ३५ झाला तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत, पंख्याखाली, नुसतं बसूनही काही तासांत संपतो असं शास्त्र सांगतं. त्रास त्याच्या खूप अलीकडे सुरू होतो, आणि सत्तरीत आणखी अलीकडे.

आपला कूलरही याच हिशेबावर चालतो, म्हणून नागपूरकराला हे समजावणं सोपं जातं. नव्या ताट्या आणि भरपूर पाणी असलेला चांगला कूलर कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरमधल्या फरकाचा साधारण ८० टक्के भाग कापतो. मेमध्ये फरक २१ अंशांचा, म्हणून ४५ ची हवा २८ वर येते. जुलैत पाऊस लागला, ३० अंश आणि ८० टक्के ओलावा झाला की ओलं फडकं २७ वर असतं. कापायला उरतात जेमतेम तीन अंश. तोच कूलर, त्याच ताट्या, आणि खोलीत नुसती चिकचिक. दुबईच्या ३८-६० मध्ये तो ३२ अंशांची ओलीचिंब हवा फेकेल. तुमच्या आईबाबांचं शरीर हाही एक कूलरच आहे, आणि मेमध्ये उत्तम चाललेला कूलर जुलैत का चालत नाही हे त्यांना पाठ आहे. हे एवढं त्यांना सांगितलंत तरी निम्मं काम होईल.

जाता जाता, नागपूरच्या आकड्यांचा अभिमान जरा जपून बाळगावा. मे २०१३ मधले ४७.९ अंश खरे. पण मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले तेव्हा देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की यंत्रच बिघडलं होतं.

मोबाइलवर बघताना टक्केवारीच्या नादी लागू नका, ती दिवसभर वरखाली होते. दवबिंदूचा आकडा बघा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतला ओलावा पाणी होऊन सुटायला लागतो तो. बहुतेक हवामानाच्या अॅपमध्ये तो असतो. १५ च्या खाली कोरडं, २० पर्यंत ठीक, २४ ला चिकचिक, २७ च्या वर वयस्कर माणसाने बाहेरचं काम टाळावं. नागपूरच्या त्या मेच्या दुपारी दवबिंदू १२ च्या आसपास असतो. दुबईच्या ऑगस्टमध्ये २९ ला पोचतो, कारण शेजारच्या आखाताचं पाणीच त्या दिवसांत ३३-३४ अंशांवर गेलेलं असतं.

आता सवयींकडे येऊ. नागपुरात उन्हात निघताना आपण डोकं, कान, तोंड शेल्याने घट्ट गुंडाळतो. ते बरोबरच आहे. ४५ अंशांची लू त्वचेवर थेट लागू न देणं हा त्यातला मुद्दा. दुबईच्या ओल्या हवेत तेच गुंडाळणं घाम सुकायची वाट अडवतं. तिथे सैल, पातळ, फिकट कपडे, डोक्यावर रुंद काठाची टोपी किंवा छत्री, आणि मान मोकळी.

दुसरी सवय संध्याकाळची. नागपुरात सात वाजले की गच्चीवर पाणी मारायचं, खिडक्या सताड उघडायच्या. कोरडी हवा रात्री झपाट्याने निवते. दुबईत ऑगस्टच्या पहाटेचं किमान तापमानच ३० च्या आसपास असतं आणि रात्री ओलावा चढतो. "दिवे लागल्यावर फिरून येतो" म्हणून बाबा निघाले तर ऊन नसेल, पण घाम दुपारइतकाच अंगावर राहील. फिरणं मॉलमध्ये करावं. तिथे ते अजिबात वेगळं दिसत नाही. उघड्यावर काम करणाऱ्या मजुरांसाठी तिथल्या सरकारने १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ कामबंदी ठेवली आहे. तीच वेळ आईबाबांनी घरातली समजावी.

तिसरी सवय मोकळ्या हवेसाठी खिडकी उघडी ठेवण्याची, आणि हिच्यावरून घरात वाद होतील. एसी चालू असलेल्या खोलीत २९ दवबिंदूची हवा आली की २३ अंशांच्या भिंतीवर, कपाटाच्या मागे, गादीखाली पाणी सुटतं आणि आठवड्याभरात बुरशी धरते. मेमध्ये नागपुरात एसीच्या पाण्याच्या नळीतून थेंबभर पाणी येतं, कारण बाहेरच्या हवेत पाणीच नसतं. तिथे तीच नळी तासाला लिटर-दीड लिटर पाणी टाकते. नळी तुंबली तर पाणी घरात, आणि नळीतून पाणीच येत नसेल तर एसी ओलावा काढत नाहीये, असं समजून माणूस बोलवावा.

एसी २५-२६ वर ठेवा आणि सोबत पंखा मंद चालवा. बरीच माणसं २० वर लावतात आणि ३८ मध्ये बाहेर पडतात. १८ अंशांची ही उडी रक्तदाबाच्या माणसाला दिवसातून चारदा नको. बाहेर पडताच चष्म्यावर धुकं बसेल, मोबाइलच्या कॅमेऱ्यावरही. घाबरू नका, पण जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून चष्मा स्वच्छ होऊ द्या. पडण्याचे प्रकार तिथेच होतात.

न्हाणीघरातली एक गंमत आईंना आधी सांगा. गच्चीवरची टाकी तापलेली असल्याने उन्हाळ्यात तिथे थंड पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं. हात पोळू शकतो. मुरलेले लोक काय करतात, टाकीवाला गिझर बंद ठेवतात. एसीच्या घरात त्यातलं पाणी दिवसभरात खोलीच्या तापमानाला येतं, आणि आंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडतात. पुरतं तेवढंच, ४०-५० लिटर. दुसऱ्याची आंघोळ जरा थांबून.

शरीराला उष्म्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि ती दोन-चार आठवड्यांत उतरतेसुद्धा. मेमध्ये कमावलेली सवय ऑगस्टपर्यंत टिकत नाही. नागपुरात तेव्हा पाऊस असतो, तीस-एकतीस अंश. म्हणून पहिले चार दिवस फक्त घरात आणि मॉलमध्ये. पाणी तहान लागायच्या आधी, दर तासाला एक भांडं. बाबांना पाणी-मीठ मोजून घ्यायला सांगितलं असेल तर डॉक्टर म्हणतील तसं. पन्हं चालेल, त्यात गूळ आणि मीठ दोन्ही आहे, फक्त रक्तदाबवाल्याने मिठावर हात आखडता ठेवावा. जुलाब-उलट्या झाल्या तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. खिशातल्या कांद्याबद्दल मी वाद घालत नाही. तो खिशात असू द्या, पण त्याच्या भरवशावर उन्हात जाऊ नका.

ऊन लागल्याची आपली ओळख म्हणजे कोरडी, तापलेली कातडी. ओल्या उष्म्यात माणूस घामाने निथळत असतानाही त्याला उष्माघात होऊ शकतो. खरी खूण वागण्यात असते. बोलणं असंबद्ध झालं, चाल अडखळली, उगाच चिडचिड केली की सावलीत न्या, मान-काखा-जांघांत बर्फाच्या पिशव्या ठेवा, पंखा लावा आणि ९९८ ला रुग्णवाहिकेसाठी फोन करा. नुसतं ओलं फडकं नागपुरात पुरतं. तिथे ते पुरत नाही, कारण तेही सुकत नाही.

लंडनच्या चुलत भावाला ३१ अंशांत झोप येत नाही म्हणून घरात हसू झालं, असंही तुम्ही लिहिलंय. हसू नका. तिथली घरं उष्णता आत धरून ठेवायला बांधलेली, छताला पंखा नाही, बहुतेक ठिकाणी एसी नाही, जुलैत नऊनंतरही उजेड. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडात ४०.३ अंश नोंदले गेले. माणूस हवेत राहत नाही, घरात राहतो.

आता विनिपेग. जानेवारीत तिथे दिवसाचं कमाल सरासरी उणे ११ च्या आसपास, रात्री उणे २१. आपल्याकडे डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंश झाले तेव्हा शेकोट्या पेटल्या होत्या, त्यामुळे भीती समजते. पण दिवसाचे बावीस-तेवीस तास ते २१ अंशांच्या घरात असतील. बाहेरच्या तासाभराचं तंत्र कपड्यांचं आहे, आणि घरातल्या उरलेल्या वेळाचं तंत्र पुन्हा ओलाव्याचं.

उणे २५ ची हवा आत घेऊन २१ अंशांपर्यंत तापवली की तिचा ओलावा दोन-तीन टक्क्यांवर येतो. गार हवेत मुळात पाणी मावतच नाही. स्वयंपाक, आंघोळ, माणसांचा श्वास धरून घरात १५ ते २० टक्के होतो. म्हणजे नागपूरचा मे! म्हणून तिथे तेच होतं जे इथे होतं. घोळणा फुटतो, ओठ चिरतात, टाचा भेगाळतात, घसा कोरडा पडतो. शिवाय दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो, तो स्थिर विजेचा. आईंना हे सगळं ओळखीचं वाटेल आणि उपायही ओळखीचे आहेत. रात्री नाकपुडीत पेट्रोलियम जेलीचा किंवा तुपाचा पुसट हात, टाचांना तेल आणि वर मोजे, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल किंवा मलम. कढत पाण्याची लांबलचक आंघोळ टाळावी, तिने त्वचा आणखी सुकते. आणि पाणी प्यावं. थंडीत तहान कळत नाही, पण प्रत्येक श्वासासोबत पाणी जातच असतं.

भावाला घरातला ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास ठेवायला सांगा. बाहेर उणे २५ झालं की २५ टक्क्यांवर उतरवायचा, नाहीतर खिडकीच्या काचेवर आतून पाणी सुटून बर्फ धरतो आणि चौकटी कुजतात. बाष्पीभवनावर चालणारा ह्युमिडिफायर म्हणजे धाकटा कूलरच, ओली ताटी आणि पंखा. झोपायच्या एका खोलीला रात्रभरात अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. दुसरा प्रकार पाण्याची वाफ उडवल्यासारखे तुषार सोडतो. त्यात क्षाराचं पाणी घातलं तर सामानावर पांढरी पूड बसते, म्हणून डिस्टिल्ड पाणी. दोन्हींची टाकी दर दोन-तीन दिवसांनी घासून धुवायची. यंत्र न घेता धुतलेले कपडे खोलीत वाळत टाकले तरी काम होतं. तिथे ते रात्रीत खडखडीत वाळतात.

ओलावा दाखवणारं छोटं यंत्र खरं बोलतं का, हे इथेच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखल होईल इतकंच पाणी घाला, विरघळू देऊ नका. झाकण आणि यंत्र एका हवाबंद डब्यात आठ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर पाच अधिक धरायचे.

कपड्यांत सगळ्यात मोठी चूक सुती बनियनची. सुती कापड घाम धरतं, आणि ओलं कापड थंडीत अंगाची उष्णता ओढतं. अंगालगत पॉलिएस्टर किंवा मऊ लोकरीचं थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारा, पिसं किंवा तसंच भरण असलेला कोट. थर्मल इथे घ्या. कोट आणि बूट तिथेच घ्यावेत, इथला "भारी" कोट महाबळेश्वरसाठी असतो. बूट एक माप मोठा, म्हणजे जाड मोज्यांवर बोटं हलतील. घट्ट बुटात रक्तही फिरत नाही आणि हवेचा थरही उरत नाही. बोटं वेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र ठेवणारे जास्त ऊब धरतात. नागपूरचा शेला इथे कामाला येतो. नाक-तोंड झाकून श्वास त्यातून घ्यायचा, आत जाणारी हवा जराशी गरम आणि ओली होते. फक्त तो लोकरीचा हवा.

वाऱ्याचा हिशेब वेगळा ठेवा. उणे २५ अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असला तर उघड्या त्वचेला उणे ३९ वाटतात. कॅनडाच्या कोष्टकाप्रमाणे उणे २८ ते ३९ च्या टप्प्यात उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, आणि उणे ४० ओलांडलं की ५ ते १० मिनिटांत. नाकाचा शेंडा, कानाची पाळी पांढरी आणि बधिर झाली तर चोळू नका, शेकोटीवर धरू नका. आत येऊन ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्याने किंवा ओल्या फडक्याने शेका. बधिरपणा गेला नाही, फोड आले, तर डॉक्टर.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. बाबांनी अंगणातलं बर्फ फावड्याने उपसायला मुळीच हात लावू नये. मुलाला मदत म्हणून हे करण्याचा मोह सगळ्याच वडिलांना होतो. बर्फावरून चालताना पावलं छोटी, पाय सपाट टाकत, हात खिशाबाहेर. बुटाला लावायचे टोकेरी पट्टे मिळतात, ते घ्यावेतच.

एक गोष्ट लोक विसरतात, उजेड. डिसेंबरअखेर विनिपेगला सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. आपल्याकडे तेव्हाही पावणेअकरा तासांचा दिवस असतो. साडेअकरा तासांचा वेळेतला फरक आणि त्यात हा अंधार, म्हणून पहिला आठवडा झोप विस्कटते. सकाळी नऊ ते अकरा खिडकीशी बसावं, चहा तिथेच प्यावा. डोशाचं पीठ ओट्यावर फुगणार नाही. ओव्हन न पेटवता फक्त आतला दिवा लावून त्यात ठेवलं की रात्रीत येतं, दहीही तसंच. पीठ आत आहे अशी चिठ्ठी ओव्हनच्या दारावर चिकटवा, नाहीतर सकाळी कुणीतरी ओव्हन तापवतो.

बदलता येत असेल तर एकच बदल सुचवतो. दुबई ऑगस्टऐवजी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. विनिपेगला जातानाच वाटेत दुबई घेतली तर तिकिटाचंही जमू शकतं. ऑगस्टच ठरलं असेल, तर जुलैत दोन दिवस आईबाबांना एसी आणि कूलर बंद ठेवून नुसत्या पंख्याखाली, तुम्ही सोबत असताना, दुपारचा तासभर बसवून बघा. बाबांना त्यातच धाप लागली, चक्कर आली किंवा नाडी बसल्या जागी शंभरच्या वर राहिली, तर तिकीट पुढे ढकला.